मुलं नसलेली बोट

काही बोटींवर लहान मुलांना घेतच नाहीत, हे मला बाबांनी सांगितलं. रविवार होता. आम्ही दोघं नवरा-बायको डोंबिवलीला माझ्या आई-बाबांकडे जेवायला गेलो होतो. आमटीभात कालवता कालवता बाबा म्हणाले, "काही क्रूझ फक्त मोठ्यांसाठी असतात. अठराच्या खालचं कुणी चालत नाही त्यांना."

कुणी काही विचारलेलं नव्हतं. पण बाबांची ही जुनी पद्धत आहे. आधी मनाशी ठरवून टाकायचं आणि मग ती गोष्ट सामान्य ज्ञान म्हणून ताटाशेजारी ठेवायची. घरात मिक्सर घ्यायचा होता तेव्हा त्यांनी सगळा उन्हाळा दुकानं पालथी घातली होती, आणि शेवटी आईने पहिल्या दिवशी बोट दाखवलेला मिक्सर घरी आला होता. तेव्हा क्रूझचा विषय निघाला म्हणजे त्यांचा अभ्यास बराच पुढे गेलेला आहे, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

"आपण चौघं जाऊ या," ते म्हणाले.

"मला बोट लागते," आई म्हणाली.

"तू कधी बसलीस बोटीत?"

"बसले नाही. पण लागते. माझ्या आईला लागायची."

आई मूळची रत्नागिरीकडची. तिच्या माहेरी बोट लागणं हे दम्यासारखं घराण्यात चालत आलेलं आहे. नवरा हसला, मीही हसले असेन. पण मला त्यातला 'चौघं' हा शब्द ऐकू आला होता आणि तो काही केल्या खाली उतरेना. दीड वर्षापूर्वीपर्यंत आम्ही कुठेही जायचं म्हटलं की पाच जण असायचो.

माझा मुलगा सहा वर्षांचा होता. पावसाळ्यात त्याला ताप आला, साधा ताप म्हणून आला, आणि सगळं संपायला आठवडाही लागला नाही. यापुढचं मला लिहायचं नाही. कुणाला दोष द्यायलाही मला जागा सापडलेली नाही. सापडली असती तर बरं झालं असतं, कारण माझा स्वभाव भांडणाचा आहे आणि भांडताना मला बरं वाटतं.

शाळेत जायला लागेपर्यंत तो आठवडाभर डोंबिवलीलाच असायचा. माझं ऑफिस घोडबंदर रोडला, नवऱ्याचं त्याच्याही पलीकडे. तिथल्या ट्रॅफिकमधून घरी पोचेपर्यंत मूल झोपून उठायची वेळ व्हायची. आमच्यासारखे असे शनिवार-रविवारचे आईबाप खूप आहेत. सोमवार ते शुक्रवार तो आजी-आजोबांचा. आजीने भरवायचं आणि आजोबांनी फिरवायचं, अशी वाटणी होती. बाबा त्याला संध्याकाळी ठाकुर्लीच्या पुलावर लांब पल्ल्याच्या गाड्या दाखवायला न्यायचे. तो गेल्यापासून आमच्या घरात त्याचं नाव निघालेलं नव्हतं. तसं कुणी ठरवलं नव्हतं. आधी मी घेतलं नाही म्हणून त्यांनी घेतलं नाही, मग त्यांनी घेतलं नाही म्हणून मी.

मूल गेलं की आधी लोक येतात आणि मग यायचे थांबतात, हे मी ऐकून होते. पण लोकांची मुलंसुद्धा आपल्यासमोर येईनाशी होतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या टॉवरमध्ये सगळी आमच्याच वयाची जोडपी. प्रत्येक मजल्यावर पॅसेजमध्ये सायकली आणि स्कूटर. पूर्वी लिफ्टचं दार उघडलं की आत चार पोरं आणि त्यांचा आरडाओरडा असायचा. आता लिफ्ट थांबली, आत मी दिसले, की बाहेरची बाई पोराचा हात धरून म्हणायची, "तुम्ही जा हं, आम्ही नंतर येतो." रिकाम्या लिफ्टमधून मी एकटी खाली जायची. खालच्या मजल्यावरची एक मुलगी माझ्या मुलाची जिवाभावाची मैत्रीण होती. बेल न वाजवता घरात शिरायची, फ्रिज उघडायची. ती यायची बंद झाली. संक्रांतीला तिच्या धाकट्या भावाचं बोरन्हाण झालं. बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओततात आणि बाकीची पोरं वेचायला झडप घालतात, ती झडप मला खिडकीतून ऐकू आली. दुसऱ्या दिवशी तिळगूळ आला, तो वॉचमनच्या हातून. गोड बोलायला मला वॉचमनने सांगितलं.

माझ्या चुलत बहिणीला मुलगी झाली. बारसं झाल्यावर तिने फोन केला, "अगं, घरच्या घरीच केलं, कुणालाच नाही बोलावलं." फोटो पाहिले तर त्यात निम्मी डोंबिवली होती. लोकांना माझी दया येते, की भीती वाटते, की माझी सावली पाळण्यावर पडायला नको असं वाटतं, हे मला कधी नीट उमगलं नाही. तिन्हींचा आवाज अगदी सारखाच गोड असतो.

आणि मला तर मुलं हवी होती. दुसरं मूल म्हणत नाही; तो सल्ला द्यायला माणसं रांगेत उभी होती, त्यांचं बोलणं वेगळं. मला त्याच्या वयाची पोरं बघायची होती. आता तो दुसरीत असता. दुसरीतल्या पोरांचे पुढचे दात पडलेले असतात का, ती बुटांच्या नाड्या स्वतः बांधतात का, आईला रस्त्यात पापा घेऊ देतात का, हे मला बघायचं होतं. ते मला कुणी बघू देत नव्हतं.

म्हणून बाबांची ती बिनामुलांची बोट ऐकली तेव्हा माझं डोकं सणकलं. म्हटलं, आता घरचेसुद्धा. मी ताटातला भात संपवला.

नवऱ्याने साधा मार्ग काढला. तो म्हणाला, "बाबा, मुंबईहूनच सुटते की एक. गोवा, लक्षद्वीप. व्हिसा नको, विमान नको. जेवण आपलं, आणि संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम पण असतो म्हणे." आईला ते लगेच पटलं. आपली माणसं असतील, बोट लागली तर लिंबू मागता येईल. बाबा म्हणाले, "नको. त्यात पोरांचा फार गोंधळ असतो."

हे बोलत कोण होतं, तर स्टेशनपर्यंत रिक्षा करणं म्हणजे उधळपट्टी असं मानणारा माणूस. त्याला आता विमानाने युरोपात जाऊन ग्रीसच्या बेटांना फेरी मारायची होती. पुढचे दोन-तीन महिने बाबांनी दुसरा विषय काढला नाही. फोनवर एका गोऱ्या म्हाताऱ्या जोडप्याचे व्हिडिओ बघून बघून त्यांना बोटीचा कुठला भाग कमी हलतो इथपर्यंत सगळं माहीत झालं. नवऱ्याने दोनदा मुंबईच्या बोटीचं नाव काढून पाहिलं. दोन्ही वेळा तेच उत्तर. बाबा रागावले नाहीत, पण हललेही नाहीत.

त्यांच्यातला आणखी एक बदल मला त्याच्याआधीपासून सलत होता. बाबा केसांना कलप लावायला लागले होते. त्यांची सगळी नोकरी डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात गेली. "केसांना लावायचा रंग म्हणजे विष" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. आईला त्यांनी मेंदीच्या पुढे कधी जाऊ दिलं नाही. आणि आता नातू गेल्यावर, सत्तरी जवळ आल्यावर, हा माणूस आरशासमोर ब्रश घेऊन उभा. नातेवाईक म्हणायचे, "काका एकदम तरुण दिसायला लागले हो." मला ते काळेभोर डोकं बघवत नसे. माझे केस पांढरे व्हायला लागले होते आणि माझे वडील तरुण होत होते.

शेवटी बुकिंगचा दिवस ठरला. नौपाड्यात एका साड्यांच्या दुकानाच्या वर एजंटचं ऑफिस होतं. आम्ही चौघं गेलो. कॉम्प्युटरमागे एक मुलगी होती, हातावर मेंदी अजून ताजी, लग्न होऊन आठवडाही झाला नसेल. गोड होती. आईसाठी पंख्याखालची खुर्ची तिने स्वतः ओढून दिली. बाबा तिला बोटीची माहिती सांगत होते आणि ती हसून "काका, तुम्हाला तर माझ्यापेक्षा जास्त माहितीये" म्हणत होती. काका म्हटल्यावर बाबांना केवढं बरं वाटलं ते मला दिसलं. मला तेही आवडलं नाही.

मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, एक विचारते हं, नंतर प्रॉब्लेम नको. ही अ‍ॅडल्ट्स ओन्ली आहे ना, मग मुलांना कुणाकडे ठेवणार तुम्ही? म्हणजे सगळे आजी-आजोबांकडे ठेवून जातात. तुमच्याकडे तर आजी-आजोबाच सोबत चाललेत." आणि आपल्याच बोलण्यावर ती हसली.

"मुलं नाहीत त्यांना," बाबा म्हणाले.

किती चटकन म्हणाले. मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. नवरा भिंतीवरच्या पोस्टरकडे बघत राहिला, त्यात निळा समुद्र होता आणि पांढरी घरं. आईने पदराचं टोक हातात घेतलं. मी उठले आणि जिना उतरून रस्त्याला लागले.

कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. पाय तलावपाळीकडे गेले. मागून चपलांचा आवाज येत होता, तो बाबांचा आहे हे मला कळत होतं आणि मी मुद्दाम भरभर चालत होते. तलावाच्या कट्ट्याशी थांबले तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"नाहीत?" मी म्हटलं. "नाहीत कसं म्हणालात तुम्ही? चार वर्षं तुमच्या मांडीवर वाढला तो."

त्यांनी कट्ट्याला हात टेकला.

"सगळे लपवतात मुलं माझ्यापासून. लिफ्टमधून काढून घेतात. बारशाला बोलवत नाहीत. मी काय खाणार आहे का त्यांना? मला वाटायचं निदान तुम्ही तरी असं करणार नाही. तुम्ही तर अख्खी बोटच शोधून काढलीत."

भेळ खाणारी माणसं वळून बघत होती. संध्याकाळची वेळ, तलावपाळीवर जत्रा लागलेली, फुगेवाले, पॅडल मारायच्या होड्या, आजूबाजूला पोरंच पोरं. तेवढ्यात मागून स्केट्स घातलेला एक मुलगा आला आणि ओरडला, "आजोबा, बाजूला व्हा ना!"

बाबा वळले. इतके पटकन, की त्यांचा चष्मा हलला. आणि वळताना मी त्यांचा चेहरा पाहिला. दीड वर्षात मी तो चेहरा पाहिला नव्हता. माझ्या पोराने हाक मारल्यावर जसा त्यांचा चेहरा व्हायचा तसाच तो झाला होता, क्षणभर. मग त्यांना तो अनोळखी मुलगा दिसला. ते बाजूला झाले, मुलगा निघून गेला, आणि बाबा कट्ट्यावर बसले.

"तुझ्यासाठी नाही गं शोधली बोट," ते म्हणाले. "माझ्यासाठी शोधली."

मी उभीच होते. ते माझ्याकडे न बघता तलावाकडे बघून बोलत होते.

"आपल्याकडे कुठलंही पोर कुठल्याही म्हाताऱ्याला आजोबाच म्हणतं. चांगली पद्धत आहे, मी नावं ठेवत नाही. आजोबा, बॉल द्या. आजोबा, किती वाजले. पण मी दर वेळी वळतो. तो नाही हे मला माहीत असतं, आवाजही तसा नसतो, तरी मान वळतेच. आणि मग वळून झाल्यावर जे होतं ना, ते मला आता झेपत नाही. बागेवरून जायचं मी सोडलं. भाजीला जातो तो लांबून वळसा घालून जातो, शाळा सुटायची वेळ टाळून. तुझ्या आईला वाटतं मी व्यायाम वाढवलाय."

मी त्यांच्या शेजारी बसले.

"कलप का लावला वाटलं तुला?" त्यांनी विचारलं. "काका म्हणतील म्हणून. जन्मभर ज्याला विष म्हटलं ते डोक्याला फासलं. पण एक पोर काका म्हणेल तर शपथ. मोठी माणसं म्हणतात, पोरं नाही म्हणत. पोरांना चालीवरूनच कळत असणार." ते थोडे हसले. "मुंबईहून सुटणाऱ्या बोटीवर सगळी आपली माणसं. नाश्त्याच्या रांगेत आजोबा, लिफ्टमध्ये आजोबा. समुद्रात वळसा घालून तरी कुठे जाणार? त्या दुसऱ्या बोटीवर कुणी म्हणणार नाही. चार दिवस मान जागेवर राहील, एवढंच हवंय मला."

इतके दिवस मी ज्याचा राग धरून बसले होते ते माझ्याबद्दल नव्हतंच. मुलं दिसत नाहीत म्हणून मी तडफडत होते आणि मुलं दिसतात म्हणून ते. दुखणं एकच, पण मला लागू पडणारं औषध त्यांना अपाय करणारं. मला त्यांची इतकी कीव आली की माझी मलाच भीती वाटली, कारण माझा सगळा जोर रागावर चालला होता आणि तोही आता हातातून गेला.

"पण नाहीत असं का म्हणालात?" मी विचारलं.

"पुढे काय विचारेल ती, या भीतीने. होता म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, काय झालं. आणि मग मला ते सांगावं लागलं असतं."

आम्ही परत गेलो. नवऱ्याने तोपर्यंत त्या मुलीला सांगितलं असावं, कारण तिची मान खाली होती आणि टेबलावर चार ग्लास पाणी आणून ठेवलेलं होतं. मी म्हटलं, "हीच करा. मोठ्यांचीच." नवऱ्याने माझ्याकडे चमकून पाहिलं, या बोटीला नाही म्हणायची तयारी मी आठवडाभर त्याच्यासमोरच केलेली होती. आई म्हणाली, "खोली मधली द्या गं बाई. मला बोट लागते."

आईला बोट लागली नाही. एकदाही लागली नाही, आणि याचा तिला जरा अपमानच वाटला. लोणचं, आवळा सुपारी, लिंबं, सगळी शिदोरी तशीच राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती एका जाड्या गोऱ्या बाईशेजारी बसून विणकाम करायला लागली. दोघींना एकमेकींच्या बोलण्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी टाके मात्र कळत होते.

बोट मोठी होती आणि शांत होती. इतकी शांत की मला तिचा राग यायचा. पोहायच्या तलावात माणसं उतरायची आणि पाणी उडायचं नाही. जिन्यावरून कुणी धावायचं नाही. जेवणघरात कुणी सांडायचं नाही, कुणी रडायचं नाही, कुणी कुणाला 'बस खाली' म्हणून दटावायचं नाही. सगळे पिकलेले, मंद आवाजात बोलणारे लोक. मला वाटायचं, आपल्या टॉवरमधल्या बायकांनी ठरवून सगळं जग रिकामं करायचं म्हटलं तर ते असंच दिसेल. पण बाबांकडे बघून मी गप्प बसायची. बाबा दुपारी डेकवर खुर्चीत चक्क घोरत होते. वेटर त्यांना 'सर' म्हणायचे, बाकीचे काहीच म्हणायचे नाहीत. कलपाची बाटली त्यांनी आणलीच नव्हती आणि कानाजवळून पांढरे केस वर यायला लागले होते.

अशाच एका दुपारी मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होते. नवरा कुठलंसं बेट बघायला उतरला होता, आई विणत होती. बाबा जागे झाले आणि पाण्याकडे बघत राहिले.

"बरं वाटतंय ना इथे?" मी विचारलं.

"बरं वाटतंय. मान दुखायची थांबली." मग म्हणाले, "पण कुणी म्हणतच नाही म्हटल्यावर मी आता आजोबा आहे की नाही, हेच कळेनासं झालंय."

मी माझी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"तू मला परत बाबा म्हणायला कधी लागलीस, आठवतं तुला?" त्यांनी विचारलं.

मला आठवत नव्हतं. आपल्याकडे घरात मूल आलं की सगळ्यांची नावं त्याच्या उंचीवरून ठरतात. नवरा बाबा होतो, सासू आजी होते. मीही मुलगा बोलायला लागल्यापासून माझ्या वडिलांना आजोबाच म्हणायची. आजोबा, चहा घ्या. आजोबा, फोन आलाय. तो समोर नसतानाही आजोबाच. तो गेल्यानंतर कधीतरी मी पुन्हा बाबा म्हणायला लागले असणार. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"पहिल्याच आठवड्यात," ते म्हणाले. "तू मला विचारलंस, बाबा, गोळी घेतली का. तू काळजीनेच विचारलंस. मला वाटलं, झालं, आता हेही गेलं."

समोर पाणी होतं आणि त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. मी म्हटलं, "आजोबा."

ते वळले. नेहमीसारखेच पटकन वळले. वळून त्यांनी मला पाहिलं आणि तसेच बघत राहिले. मी रडत होते, तेही रडत होते. पलीकडच्या खुर्चीतल्या गोऱ्या म्हाताऱ्याने पुस्तक वर केलं आणि आम्हाला आमचं रडू दिलं.

मग बाबांनी त्याचं नाव घेतलं. दीड वर्षाने मी ते त्यांच्या तोंडून ऐकलं, त्यांनी ठेवलेलं लाडाचं नव्हे, पाळण्यात ठेवलेलं पूर्ण नाव. आणि म्हणाले, "शुक्रवारी तू यायचीस ना, तेव्हा तो झोपलेला नसायचा."

मला आधी कळलंच नाही ते काय सांगताहेत. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मी त्याला न्यायला डोंबिवलीला यायची आणि दर शुक्रवारी तो झोपलेला असायचा. आठवडाभर ज्या मुलासाठी जीव तुटायचा ते मूल मला गाढ झोपेतच मिळायचं. आई-बाबांच्या इमारतीला लिफ्ट नाही. मी त्याला खांद्यावर टाकून तीन जिने उतरायची, त्याचं डोकं माझ्या मानेत, आणि एकेका पायरीला मला वाटायचं की हा मला ओळखणारसुद्धा नाही, याची आई आपण नाहीच. पायात त्याच्या बूट असायचे. झोपलेल्या पोराला बूट कशाला घालतेस म्हणून मी आईवर चिडायची. आई बिचारी नुसती बाबांकडे बघायची.

"जिन्यात तुझ्या पायांचा आवाज आला की पळत जाऊन पलंगावर आडवा व्हायचा," बाबा म्हणाले. "बूट दुपारपासूनच घालून बसलेला. वर पांघरूण ओढून घ्यायचा. मला म्हणायचा, आजोबा, सांगू नका हं. जागा असलो की आई चालायला लावते. झोपलो की उचलून घेते."

मी खुर्चीची कड धरून बसले होते. खांद्यावरचं ते वजन, मानेवरचा तो श्वास, सगळं मला जसंच्या तसं आठवत होतं. फक्त आता त्यात तो जागा होता. तीन जिने तो जागा होता, डोळे मिटून, हसू दाबून, मला घट्ट धरून.

"इतके दिवस का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"त्याला शब्द दिला होता," ते म्हणाले.

मला त्यांच्यावर रागवायचं होतं, पण जमलं नाही. मी त्यांचा हात हातात घेतला.

"आणखी काय काय आहे, आजोबा, जे तुम्ही सांगितलं नाहीत?"

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, आणि परत घातला.

"खूप आहे गं," ते म्हणाले. "सोमवारपासून शुक्रवारपर्यंतचं सगळंच आहे."